ती दहा मिनिटं

“‘अपघात झाला त्या दिवशी कामगारांसमोर जायच्या आधी स्टोअरच्या खोलीत दहा मिनिटं कोंडून घेतलं. रडल्या. पाय उचलत नव्हता.’” सावर्डेकर साहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावरचं वाक्य मोठ्यानं वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “असं असेल तर अवघड आहे हो.”

मी चहाचा कप नुकताच उचलला होता. तो तसाच हातात राहिला. कारण ते वाक्य माझं होतं. ‘पाय उचलत नव्हता’ हे शब्द मी माझ्या हातानं, माझ्या वहीत, निळ्या शाईनं लिहिले होते. ती वही माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती आणि तिच्यातलं वाक्य समोर हातभर अक्षरांत उजळलं होतं.

वाक्याखाली एक रंगीत पट्टी होती. ‘तणावाखाली नेतृत्व : कमी. शिफारस : दोन वर्षं थांबावं.’

हे सगळं कुपवाडच्या एमआयडीसीत घडलं. दुधाच्या डेअऱ्यांना लागतात तशा स्टीलच्या मोठ्या टाक्या बनवणारा सावर्डेकरांचा कारखाना. दोनशे माणसं कामाला. कारखान्याचे प्रमुख निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोन नावं होती. एक पुण्याहून येऊ घातलेले गृहस्थ आणि दुसरी सुनंदा मगदूम. सुनंदा डिप्लोमा करून तपासनीस म्हणून तिथं लागली होती, एकोणीस वर्षांत उत्पादनविभागाची मुख्य झाली होती. निवड मालक करणार, एचआरचे गिरीश पाठक मदतीला आणि मी बाहेरची म्हणून बोलावलेली.

मी एक्झिक्युटिव्ह कोच. आमचे हे त्याला ‘साहेबलोकांची शिकवणी’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर यात शिकवणं फारसं नसतंच. समोरच्याला बोलू द्यायचं. त्याचं त्याला सापडेपर्यंत आपण ऐकायचं. हे ऐकणं मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही, कीर्तनात शिकले. सात-आठ वर्षांची असल्यापासून देवळात सतरंजीवर मांडी घालून दोन-दोन तास ऐकत आले. बुवा श्वास घ्यायला थांबतात तेव्हा आपणही थांबायचं असतं, ही समज तिथली. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच शब्द द्यायची, ‘या खोलीतलं या खोलीतच राहील.’

सुनंदालाही दिला होता.

मग वाक्य भिंतीवर गेलं कसं? तर माझ्याच हातानं. कंपनीनं त्या वर्षी ‘दिशा’ नावाची एक कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली आणली होती. गिरीशनं मलाही तिचं खातं उघडून दिलं. म्हणाला, वहीच्या पानांचे फोटो काढून टाका मॅडम, पुढच्या बैठकीत काय विचारायचं ते ती सुचवेल. मी एकदा गंमत म्हणून टाकले आणि चाटच पडले. माझं कोंबडीच्या पायांचं अक्षर तिनं वाचलं आणि असे प्रश्न काढून दिले, की तीस वर्षांच्या अनुभवानं मला सुचले नसते. मग चटकच लागली. दर शनिवारी पानं टाकायची, सोमवारी प्रश्न घ्यायचे. लोक म्हणायला लागले, ताम्हनकरबाई हल्ली नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवतात. ऐकून मी सुखावायची. खातं उघडताना एक लांबलचक करारपत्र आलं होतं. न वाचता खूण केली होती.

“ताम्हनकरबाई,” साहेब माझ्याकडे वळले, “तुम्ही आठ महिने मगदूमबाईंबरोबर बसताय. हे खरं आहे ना?”

बोलायची वेळ तीच होती. हे माझ्या वहीतलं आहे, साहेब, तुमच्यासाठी नव्हतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मी म्हणाले, “खरं आहे.”

ते दोन शब्द खरेच होते. पण आयुष्यात अनेक खोट्यांनी झालं नसेल एवढं नुकसान मी त्या दोन खऱ्या शब्दांनी केलं.

“मग गुरुवारी त्यांची मुलाखत आहे ती घेऊ या, पण ती आपली नावापुरती,” साहेब उठले. “बाई कष्टाळू आहेत, प्रश्नच नाही. पण प्रमुख म्हणजे... तुम्हाला कळतंय ना.”

बाहेर व्हरांड्यात गिरीश माझ्या मागोमाग आला. खूश होता. “मॅडम, तुमच्या नोंदींमुळे रिपोर्टला काय खोली आली! नाहीतर हजेरी न् उत्पादनाचे आकडे, दुसरं काय असतं?”

“गिरीश, त्या नोंदी मी प्रश्नांसाठी दिल्या होत्या. रिपोर्टसाठी नाही.”

“अहो, करारात होतं की. ‘कर्मचारी विकास आणि नियोजनासाठी वापर.’ तुम्ही खूण केलीये.” मग माझा चेहरा बघून त्यानं आवाज खाली आणला. “काढून टाकू का ती ओळ? दोन मिनिटांचं काम आहे. आणि मगदूम मॅडमना हा रिपोर्ट कधी दिसतच नाही. कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

“आणि साहेबांनी वाचलंय त्याचं?”

तो हसला. “वाचलेलं न वाचलेलं कसं करणार? ते बटण अजून कुणी काढलेलं नाही.”

पोरगा वाईट नव्हता. मला सुटकेचा रस्ता दाखवत होता, आणि कबूल करते, घरी येईपर्यंत मी त्या रस्त्यानं निम्मी चालूनही गेले होते. ओळ काढून घ्यायची, खातं बंद करायचं. सुनंदाला अजून दोन वर्षांनी मिळेलच की. देवापुढे बसून क्षमा मागायची, एकवीस दिवस काहीतरी सोडायचं. आम्हा देवभोळ्या माणसांना ही सोय फार असते. माणसाचा अपराध करायचा आणि माफी देवाकडे मागायची, कारण देव समोर उभा राहून ‘का?’ म्हणून विचारत नाही.

त्या आठवड्यात आमच्या मिरजेतल्या गल्लीत रामाच्या देवळाचा चैत्रातला उत्सव होता. रोज साडेपाचला कीर्तन. त्या दिवशी गोदूताई पंचवाघ यायच्या होत्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, सत्तरी ओलांडलेली, पण झांज वाजली की कबुतरं उडावीत असा आवाज. मन थाऱ्यावर नव्हतं तरी पाय तिकडेच वळले.

पूर्वरंग रंगला. बोलता बोलता गोदूताईंनी देवळाच्या सभामंडपाचं कौतुक केलं आणि तो बांधून देणाऱ्या एका जुन्या सावकाराचं नाव घेऊन त्याच्या दातृत्वावर चांगली पाच मिनिटं निरूपण केलं. लोकांनी माना डोलावल्या. मग मध्यंतर झालं. बुक्का लावायला, हार घालायला बायका पुढे गेल्या. त्यांत आमच्या गल्लीतल्या अनसूया कुंभार होत्या. त्यांनी बुक्का लावता लावता गोदूताईंच्या कानाशी काहीतरी सांगितलं.

गोदूताई गादीवर तशाच उभ्या राहिल्या. तबलेवाल्यानं ठेका धरला होता. त्याला हातानं थांबवलं.

“मंडळी,” त्या म्हणाल्या, “मघाशी या गादीवरून माझ्या तोंडून चुकीचं गेलं.”

देवळाचे पंच पुढच्याच रांगेत होते. ते अर्धवट उठून म्हणाले, “असू द्या बाई, आख्यान लावा. शेवटी प्रसादाच्या वेळी सांगू या.”

“प्रसादाच्या वेळी निम्मे लोक चपला शोधत असतात, पंच.” लोक हसले, पण त्या हसल्या नाहीत. “जिथं सांडलं तिथंच पुसायचं. ऐका. सावकारानं नुसती जागा दिली. हा मंडप कुंभारवाड्यातल्या बायकांनी उभा केला. भाजलेल्या विटा डोक्यावरून वाहून, दोन उन्हाळे, एक छदाम न घेता. मी विचारलं नाही, ऐकीव बोलले. अनसूयाबाईंच्या आजेसासू त्यात होत्या. त्यांचं नाव काय म्हणालात?”

“भागीरथी,” अनसूयाबाई खांबाआडून म्हणाल्या.

“भागीरथी कुंभार. आता लावा हो ठेका.”

आणि आख्यान सुरू झालं. पुढचं मला काही ऐकू आलं नाही. पन्नास वर्षं कीर्तनं ऐकते, पण उत्तररंग चालू असताना देवळातून उठून बाहेर आल्याचं माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच घडलं. पायरीवर बसूनच सुनंदाला फोन लावला.

“उद्या सकाळी भेटायचंय. कंपनीत नाही. माझ्याकडे या.”

“काय ओ मॅडम, गुरुवारच्या मुलाखतीची रंगीत तालीम का?” ती उत्साहात होती. “येते की. खरवस आणू का? आमच्या म्हशीचा आहे, ताजा.”

आली. डबा घेऊनच आली. आम्ही नेहमी बसायचो त्या खोलीत मी तिला बसवलं. कुठून सुरुवात करावी ते रात्रभर घोकलं होतं, पण तोंड उघडल्यावर पाठांतर कुठं राहतं? सरळ सांगून टाकलं. वही, फोटो, करार, भिंतीवरचं वाक्य. आणि साहेबांनी विचारल्यावर मी ‘खरं आहे’ म्हणाले, तेही.

सुनंदा डब्याच्या झाकणाकडे बघत होती.

“माझ्या नवऱ्याला पण माहीत नाही ते,” ती म्हणाली.

तिनं डबा बाजूला सरकवला.

“नवऱ्याला नाही, आईला नाही. एकोणीस वर्षं त्या कारखान्यात दात आवळून काढली, तिथं कुणाला नाही. तुम्हाला सांगितलं. का, तर तुम्ही म्हणालात, या खोलीतलं या खोलीत.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तेच मला सोसवेना. “मी अजून एक विचारते. तेवढंच लिहिलं होतं? मी त्यापुढं जे सांगितलं, त्या दहा मिनिटांत काय झालं ते, ते सगळं?”

“नाही लिहिलं.”

“का?”

ही आमच्या धंद्यातली खोड आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दुखणं असतं, धडधाकटपणा नसतो, तसंच आमच्या वहीचं. जिथं माणूस अडखळला तेवढंच टिपायचं, कारण काम तिथं करायचं असतं. जे उत्तम होतं ते ऐकून मी मनात हात जोडले होते आणि पान उलटलं होतं. ‘दिशा’ला मी दिलं ते एवढंच. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि अडखळलेल्या जागांची बेरीज करून एक माणूस उभा केला. यंत्राला मी कसा दोष देऊ?

“ते दुरुस्त करायचं नव्हतं म्हणून,” मी म्हणाले.

ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. “आणि बाकीचे चौघं?”

“कोण चौघं?”

“आमच्या कंपनीतले आणखी चार जण येतात ना तुमच्याकडे? त्यांच्या पण वह्यांचे फोटो काढलेत की माझ्याच नशिबी?”

खरंच सांगते, तोपर्यंत तो विचार मला शिवलाही नव्हता. माझी चूक मला केवळ सुनंदाएवढी दिसत होती. ती पाचपट होती.

“गुरुवारी मी साहेबांसमोर सगळं सांगणार आहे,” मी म्हणाले. “ते दहा मिनिटांचं पुढचंही सांगते. तुमचा हक्क तुम्हाला...”

“एक शब्द बोलायचा नाही!” तिनं डबा उचलला. “माझ्याबद्दल एक शब्द नाही. माझं एकदा वाटून झालं, आता चांगलं-चांगलं म्हणून परत वाटणार? तुम्ही तुमच्याबद्दल बोला. माझं मी बघते.”

दारातून परत फिरली आणि खरवसाचा डबा टेबलावर ठेवला. “रागानं नेला तर वाटेत नासेल,” म्हणाली आणि गेली.

पुढच्या दीड दिवसात मी त्या चौघांच्या घरी गेले. फोनवर उरकावं असं फार वाटलं, पण उरकलं नाही. खरेदी विभागाच्या कुलकर्ण्यांनी ऐकून घेतलं, मला चहा दिला आणि निघताना, पुन्हा माझ्याकडे येऊ नका, असं हात जोडून सांगितलं. तेवढं आठवतं. बाकी तिघांकडे मी काय बोलले ते आज आठवत नाही. आपल्या नोंदी काढून टाकाव्यात असा अर्ज मात्र चौघांकडूनही प्रत्येकाच्या सहीनं घेतला.

गुरुवारी सकाळी अकराला मुलाखत. मी साडेदहालाच जाऊन बसले. आमचे हे म्हणाले होते, “अगं, काम जाईल.” मी म्हटलं, जाऊ दे.

सुनंदा आत आली. इस्त्रीची साडी, कंपनीचं ओळखपत्र, हातात काही नाही. माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांनी ‘बसा, बसा’ केलं आणि पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेव्हा मी उभी राहिले.

“साहेब, आधी माझं ऐका. सोमवारी याच खोलीत माझ्याकडून चूक झाली, म्हणून याच खोलीत सांगते आहे.”

गिरीशनं मान खाली घातली. मी सगळं सांगितलं. मगदूमबाईंनी मला विश्वासानं सांगितलेलं तुमच्या पडद्यावर आलं, ते मी आणलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी ‘खरं आहे’ म्हणाले, तेव्हा म्हणायला हवं होतं, की हे सांगायचा मला अधिकार नाही. आणि ती नोंद अर्धवट आहे, कारण मी नेहमीच अर्धवट लिहिते. माझ्या वहीवरून कुणाचंही मोजमाप होऊ शकत नाही. चौघांचे अर्ज आणलेत. माझा करार आजपासून संपवा.

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. चिडले होते, आणि त्यांची चीड रास्तही होती. “बाई, तुम्ही मला आता सांगताय? मी वाचलंय ते. आता ते मी विसरू कसं?”

“विसरू नका,” सुनंदा म्हणाली.

आम्ही तिघंही तिच्याकडे बघू लागलो.

“मी कोंडून घेतलं होतं, साहेब. दहा मिनिटं. रडले पण. ताम्हनकरबाईंनी लिहिलंय त्यात खोटं काही नाही.”

“मग,” साहेब जरा निवळले, खुर्ची पुढे ओढली, “काय झालं होतं नेमकं त्या दहा मिनिटांत? सांगा ना. त्या म्हणतायत नोंद अर्धवट आहे. पूर्ण करा तुम्ही.”

एवढं सांगितलं की खुर्ची तिचीच, असं मला वाटलं. मला ते ठाऊक होतं आणि ते ऐकून दगडालाही पाझर फुटला असता. मनातल्या मनात मी म्हणत होते, बाई, सांग, सांगून टाक!

“नाही,” सुनंदा म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“ते मी बाईंना सांगितलं होतं, साहेब. तुम्हाला नाही. सांगून खुर्ची मिळत असेल तर मला त्या खुर्चीवर रोज तेच विकत बसावं लागेल.” तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. “पण दार उघडून मी बाहेर आले. त्यानंतर काय केलं ते दोनशे माणसांनी बघितलंय. ती खाली आहेत, पन्नास पावलांवर. तीन वर्षं झाली अपघाताला. त्यांना कुणी विचारलं? रिपोर्टनं नाही विचारलं, त्याला पाय नाहीत. तुम्हाला आहेत.”

मालकाला असं बोललेलं त्या इमारतीत कुणी ऐकलं नसेल. मला वाटलं, संपलं. मग साहेब उठले. चष्मा खिशात टाकला आणि जिन्याकडे निघाले. आम्ही मागोमाग. सुनंदा मात्र जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबली. “मी आले तर माणसं माझ्या तोंडाकडे बघून बोलतील,” म्हणाली.

खाली ग्राइंडिंगचा आवाज, ठिणग्या. टाक्यांची दाबाची चाचणी होते त्या जागेपाशी बाबासो मिस्त्री उभे होते, वेल्डिंगचे जुने कारागीर, डोक्यावर वर केलेला मुखवटा. साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले.

“मिस्त्री, अपघाताचा दिवस आठवतो का?”

“आठवायला विसरलोय कुठं, साहेब? हितंच झाकण उडालं. महादू न् इक्बाल. मी धा फुटांवर हुतो.”

“मगदूमबाई आल्या होत्या तुमच्यासमोर. त्यांनी काय केलं?”

बाबासोंनी आधी माझ्याकडे, मग गिरीशकडे संशयानं पाहिलं. “कशापायी इचारताय? बाईंच्या वाईटावर हाय का काय?”

“मला माहीत नाही म्हणून विचारतोय,” साहेब म्हणाले. मालकाच्या तोंडून हे वाक्य त्या जागी निघालं, तेव्हा शेजारच्यानं ग्राइंडर बंद केला.

“तर मग ऐका. आमी समदे फाटकाकडं निघालो हुतो. काम बंद. कुणी आत यायचं न्हाई, असं ठरलं हुतं. तेवढ्यात बाई आल्या. डोळं सुजलेलं, नाक लाल. त्या टेबलावर चढून भाषण न्हाई केलं. हितं, खाली, आमच्यात उभ्या ऱ्हायल्या. म्हणाल्या, महादूच्या पायाचं हाड मोडलंय, इक्बालच्या हाताला लागलंय, दोघं शुद्धीत हायत, दोघांच्या घरची दवाखान्यात पोचल्यात. चूक कुणाची ते मला आज म्हाईत न्हाई. कळलं की तुमाला आधी सांगीन, साहेबांला मागनं.”

गिरीश खोकला.

“आन् म्हणाल्या, ह्या जागंवर चाचणी परत सुरू हुईल तवा झाकणापाशी पयली मी उभी ऱ्हाणार. मी उभी ऱ्हायल्याबिगर तुमच्यातल्या कुणी हात लावायचा न्हाई. उभ्या ऱ्हायल्या की! तीन दिवस, धा-धा टाक्या. आमीच म्हणलं, बाई, सरका आता, आमच्या कामात लुडबूड नको.”

आजूबाजूची माणसं हसली. साहेब हसले नाहीत.

“त्या रडून आल्या होत्या, हे तुम्हाला दिसलं होतं?”

“दिसायला काय, आंधळं हाय व्हय आमी?” बाबासोंनी मुखवटा काढून काखेत धरला. “साहेब, रागावू नका. त्या दिशी कोरड्या डोळ्यांचा कुणी आला असता ना, तर आमी फाटकाभाईर गेलो असतो. आन् परत आलो नसतो.”

साहेबांनी हात पुढे करून बाबासोंच्या हातमोज्यातला हात धरला आणि मागे वळले. जिन्यावर सुनंदा होती. ते चढून तिच्याकडे गेले. तिच्या एक पायरी खाली थांबले.

“पुण्याच्या गृहस्थांना मी आज कळवतो,” म्हणाले. “एक तारखेपासून तुम्ही बघा. आणि... तीन वर्षांपूर्वी मी त्या दिवशी मुंबईत मीटिंगला होतो, बाई. फोनवरून चौकशी केली होती. खाली यायला मला तीन वर्षं लागली.”

सुनंदानं नुसती मान हलवली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. जवळ येईल, हात धरेल, अशी एक वेडी आशा मला होती. ती म्हणाली, “बाई, तुम्ही आज बोललात ते बरं केलंत. पण मी तुमच्याकडे परत येणार नाही.”

“नका येऊ,” मी म्हणाले. ते मात्र मला नीट जमलं.

माझा करार त्याच दिवशी संपला. सुनंदानं खुर्चीवर बसल्या बसल्या नियम केला, की कोचच्या वहीतलं एक अक्षरही कुठल्या प्रणालीत जाणार नाही, आणि कुणाच्याही बढतीचा निर्णय त्याच्या हाताखालच्या निदान दहा माणसांशी समोरासमोर बोलल्याशिवाय होणार नाही. ‘दिशा’ तिनं काढली नाही. स्टीलची मागणी, यंत्रांची देखभाल यासाठी ती आजही तिथं राबते आहे, आणि उत्तम राबते असं ऐकते. मी काम सोडलं नाही. नवी माणसं येतात. त्यांना शब्द द्यायच्या आधी मी तो कधी मोडला ते सांगते. काही जण ऐकून उठून जातात. जे बसतात, त्यांच्यासमोर मी आता वही उघडत नाही.

याला आता सहा वर्षं झाली. हे लिहावं असं वाटलं तेव्हा आधी सुनंदाला पत्र पाठवलं. फोन करायची छाती झाली नाही. आठ दिवसांनी तिचाच फोन आला. मागे ग्राइंडरचा आवाज येत होता, त्यामुळे ती ओरडून बोलत होती.

“लिहा की मॅडम! नाव पण माझंच घाला. साहेबांना मी विचारलंय, ते पण हो म्हणालेत. चौघांपैकी फक्त कुलकर्ण्यांचं घाला, ते हो म्हणतायत, बाकीच्यांचं नको.” मग आवाज दूर झाला, ती कुठल्यातरी खोलीत गेली असावी, दार लागल्याचं ऐकू आलं. “तेवढी दहा मिनिटं सोडून.”

तेव्हा त्या दहा मिनिटांत, स्टोअरच्या त्या बंद खोलीत काय झालं, ते मला ठाऊक आहे. बाबासोंना ठाऊक नाही, साहेबांना नाही.

तुम्हालाही मी सांगणार नाही.